जांघेतलं दुखणं आणि भालेराव मॅडम

भालेराव मॅडमच्या तपासणीच्या खोलीत एका कोपऱ्यात स्टीलचा हंडा असायचा. काठोकाठ भरलेला, वर झाकण. मी भूलतज्ज्ञ म्हणून नगरजवळच्या केडगावच्या त्या लहानशा रुग्णालयात रुजू झाले तो दिवस उन्हाळ्यातला होता. मॅडमना भेटायला आत गेले, घसा कोरडा पडला होता, म्हणून झाकण काढून पेला शोधू लागले. मॅडम टेबलावरून मान वर न करता म्हणाल्या, "ते प्यायचं नाही. ते उचलायचं आहे."

मला वाटलं, मलाच उचलायला सांगतायत. मी पदर खोचला. तेव्हा त्या जोरात हसल्या. "तुम्ही नाही हो! ज्यांचं दुखतं त्यांनी."

डॉ. विमल भालेराव जनरल सर्जन होत्या. मूळच्या पाथर्डी तालुक्यातल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, कायम सुती साडीवर पांढरा एप्रन, आणि एप्रनच्या उजव्या खिशात भाजलेले शेंगदाणे. ते त्या शस्त्रक्रियेआधी खायच्या, नंतर खायच्या, आणि एखादी केस कळत नसली की तपासताना मधेच थांबून खायच्या. अपेंडिक्स, पित्ताशय, मूळव्याध, सगळं करायच्या. पण नगर जिल्ह्यात त्यांचं नाव झालं ते एकाच गोष्टीने. तरुण बायकांच्या जांघेत वर्षानुवर्षं दुखत असतं, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि शेवटी 'मनाचं आहे' म्हणून त्यांना घरी पाठवलं जातं. अशा बायकांतला लपलेला हर्निया मॅडम शोधून काढत.

पुरुषाचा हर्निया आंधळ्यालाही कळतो. जांघेत फुगा येतो, तो खोकला की मोठा होतो. बाईच्या जांघेतली वाट अरुंद असते. चरबीचा एखादा लहानसा तुकडा त्या वाटेत शिरून बसतो आणि तिथली नस दाबत राहतो. बाहेरून काही दिसत नाही. झोपवून तपासलं की तो तुकडा मागे सरकतो आणि दुखणंही थांबतं. आपण मात्र बाईला टेबलावर झोपवूनच तपासतो. मॅडमचं सगळं म्हणणं एवढंच होतं. "अहो, दुखतं उभं असताना आणि आपण बघतो झोपवून. मग सापडणार कसं?"

म्हणून तो हंडा. बाईने काय करताना दुखतं ते करून दाखवायचं. कुणी हंडा उचलायची, कुणी उकिडवी बसून झाडल्यासारखं करायची, एक शिक्षिका फळ्यावर लिहिताना टाचा उंच करून उभी राहायची तशी भिंतीपाशी उभी राहिली होती. मॅडम स्वतः बुटक्या स्टुलावर बसायच्या, पेशंटच्या कमरेइतक्या उंचीवर, आणि जांघेत एक बोट ठेवून म्हणायच्या, "खोक."

बायका लाजायच्या. तोंडावर पदर धरून हळूच 'खुक्' करायच्या.

"अगं, सासऱ्यासमोर असल्यासारखी काय खोकतेस? रानात असल्यासारखी खोक!"

आणि तिची भीड मोडावी म्हणून आधी स्वतःच खोकून दाखवायच्या. बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना वाटायचं, आत दम्याचा दवाखाना आहे.

मी रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांनी आरती आली. पाथर्डीकडच्या एका खेड्यातली मुलगी, पोलीस भरतीची तयारी करायला नगरला खोली घेऊन राहिलेली. उंच, काटक, केस घट्ट मागे बांधलेले. सोबत वडील आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्टांचा गठ्ठा. मॅडमनी मुलीला विचारलं, "काय होतंय?"

वडील म्हणाले, "तिचं काय हाय डॉक्टर, प्रॅक्टिसचा दिवस आला की हिच्या..."

"तुमचं दुखतंय का?"

"न्हाई, माझं कुठं..."

"मग तिला बोलू द्या."

हे मॅडम प्रत्येकाला म्हणायच्या. नवरा असो, सासू असो, सरपंच असो. आवाज न चढवता, पण असं की पुढचा माणूस गप्पच बसायचा.

आरती खाली बघत सांगू लागली. पळताना सुरुवातीला ठीक असतं, गोळा फेकला की उजव्या जांघेत कळ येते, ती मांडीत उतरते. पाळी आली की जास्त. दोन वर्षं झाली होती. एकाने स्नायू ताणलाय म्हणून सांगितलं, एकाने अंडाशयात गाठी आहेत म्हणून गोळ्या दिल्या, एकाने लग्न करून टाका, आपोआप थांबेल म्हणून सांगितलं. मागच्या भरतीला ती मैदानावर अर्ध्यातून बाजूला झाली होती. गावात पोरं म्हणायची, पळायला भ्याली.

मॅडमनी तिला उभं केलं, बोट ठेवलं, खोकायला लावलं. आरतीने एकदम मॅडमचं मनगट धरलं.

"इथंच?"

"हो. इथंच." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, आजपर्यंत इथं कुणी हातच लावला नव्हता."

मॅडमनी तिथल्या तिथे शहरातल्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांना फोन लावला. ते त्यांचे जुने मित्र, गमत्या स्वभावाचे. त्यांचाच रिपोर्ट होता, नॉर्मल.

"झोपवून केली होतीत ना? मी तिला घेऊन येतेय. उभी करून करा."

पलीकडून काहीतरी कुरकुर ऐकू आली.

"मग खाली बसा! गुडघे दुखत असतील तर तेही मी तपासते."

आम्ही तिघी गेलो. डॉक्टर खरंच गुडघ्यावर बसले, आरती उभी, आणि मॅडम शेजारी उभ्या राहून तिच्याबरोबर खोकतायत. डॉक्टरांचा चेहरा पडद्याकडे होता. दोन-तीन खोकल्यांनंतर ते "अरे!" म्हणाले. मग "परत खोक" म्हणाले. मग एकदम गंभीर झाले आणि म्हणाले, "सरकतंय. विमल, सरकतंय गं."

पुढच्या आठवड्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली. मी आरतीला भूल दिली आणि तिच्या डोक्याशी उभी राहून समोरचा मॉनिटर बघू लागले. आत सगळं स्वच्छ दिसत होतं. कुठे भोक नाही, खळगा नाही. मॅडमना मदत करणारे तरुण सर्जन म्हणाले, "मॅडम, क्लिअर आहे. बाहेर पडू या?"

मला मॅडमचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते जराही हलले नाहीत. मग त्यांनी पोटाला आतून असतो तो पातळ पडदा कात्रीने उघडला आणि जांघेच्या वाटेपाशी सावकाश सोडवत गेल्या. वाटेच्या तोंडात पिवळसर काहीतरी अडकलं होतं. मॅडमनी चिमट्याने हळूच ओढलं. ते येतच राहिलं. बोटाच्या पेराएवढा चरबीचा तुकडा त्या अरुंद जागेतून बाहेर आला आणि त्याच्यामागे वाट उघडी पडली. मी इतकी वर्षं भूल देतेय, पण त्या दिवशी मास्कच्या आत जितकी हसले, तितकी क्वचितच हसले असेन. मॅडमनी जाळी बसवली, पडदा शिवला आणि म्हणाल्या, "भूलबाई, उठवा आता हिला. निजायचे दिवस संपले तिचे."

मला त्या 'भूलबाई' म्हणायच्या, ते तेव्हापासून.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात आरतीचे वडील हात जोडून उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "माझ्यापुढे हात नका जोडू. ती खोटं बोलत नव्हती, एवढं तिला एकदा तोंडाने सांगा."

माणूस गडबडला. शेतकरी गडी, मुलीशी असं कधी बोललेला नसावा. खिडकीकडे बघत, घसा साफ करत म्हणाला, "आरते, तू खोटं बोलत न्हवतीस. आमालाच कळलं न्हाई, बाळा." आरतीने चादर तोंडावर ओढून घेतली. पुढच्या भरतीत ती निवडली गेली. फोन मॅडमना आला होता, पण तो त्यांनी स्पीकरवर टाकला आणि सगळ्या नर्सेसना गोळा करून ऐकवला.

मॅडम चुकत नव्हत्या असं नाही. भंडारदऱ्याकडची एक मुलगी होती, डोंगर उतरताना जांघेत कळ यायची. सोनोग्राफीत काहीतरी असल्याचा भास होता, बोट ठेवलं की दुखतही होतं. मॅडमनी दुर्बीण घातली, पडदा उघडला, दोन्ही बाजूंनी शोधलं. काही नव्हतं. शुद्धीवर आल्यावर त्या मुलीच्या खाटेवर बसून मॅडमनी सांगितलं, "माझा अंदाज चुकला. हर्निया नाही. पण तुझं दुखणं आहे, ते मी सोडणार नाही." मुलीच्या आईचा चेहरा उतरला. मॅडमनी तो बघितला, उठून गेल्या नाहीत. नंतर स्वतः तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, तपासण्या झाल्या आणि खुब्याच्या सांध्यातला दोष सापडला. उपचार झाले, मुलगी बरी झाली. ही केस मॅडम लपवत नसत. उलट शिकाऊ डॉक्टरांना आधी हीच सांगायच्या. "सगळ्यांना हर्नियाच दिसायला लागला की समजा, आपलं डोकं बंद पडलं."

तरी शहरात थट्टा व्हायची. 'हर्नियाबाई' म्हणायचे काही जण. एकदा डॉक्टरांच्या सभेत मॅडमना या विषयावर बोलायला बोलावलं. जेवणानंतरची वेळ, निम्मे पेंगत होते. एका ज्येष्ठ सर्जननी मधेच विचारलं, "विमलताई, जो दिसत नाही, हाताला लागत नाही, सोनोग्राफीत येत नाही, तो हर्निया म्हणायचा की श्रद्धा?"

हशा झाला. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "सगळे उभे राहा."

कुणाला कळेना. "राहा ना उभे. जेवण जिरेल. आता उजव्या हाताचं बोट आपापल्या जांघेत ठेवा. लाजू नका, सगळे डॉक्टरच आहात. ठेवलं? आता खोका."

आणि त्या वातानुकूलित सभागृहात शहरातले नामांकित डॉक्टर कोट घालून, जांघेत बोट ठेवून एकसाथ खोकले. चहा घेऊन आलेला वाढपी दारातच थबकला.

"बोटाला काय लागलं?" मॅडमनी विचारलं. "थोडासा धक्का. हो की नाही? आता झोपून हेच करा, लागणार नाही. मी एवढंच म्हणते, बाईला उभं करा. सापडला तर सापडला, नाही तर दुसरं कारण शोधा. पण तिने दुखतं म्हटलं की दुखतंय असं धरून चला." ते ज्येष्ठ सर्जन सभेनंतर मॅडमजवळ आले. थट्टा त्यांनी तशीच चालू ठेवली, पण पुढच्या महिन्यात त्यांनी आपल्या सुनेच्या बहिणीला आमच्याकडे पाठवलं.

एकदा शस्त्रक्रियागृहात केस सुरू व्हायला उशीर होता, तेव्हा मी विचारलं होतं, याच दुखण्याच्या मागे तुम्ही का लागलात. मॅडम शेंगदाणे सोलत म्हणाल्या, "आमची थोरली अक्का. सासरी ती कामचुकार म्हणून प्रसिद्ध होती. पाणी भरायची वेळ आली की हिच्या पोटात दुखायचं. आमची आईसुद्धा म्हणायची, हिला पहिल्यापासून अंगचोरपणाच. मी सर्जरीला लागले तेव्हा तिचं आतडं अडकलं आणि घाईघाईने ऑपरेशन करावं लागलं. जांघेतला हर्निया. कितीतरी वर्षांचा." त्यांनी टरफलं मुठीत गोळा केली. "अक्का बरी आहे. चांगली ठणठणीत आहे. पण तरुणपणीची ती वर्षं नावं ठेवून घेण्यात गेली, ती कोण देणार परत?"

या बोलण्यानंतर दिवाळीच्या आधी, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या सुमाराला संगीता आली. पंचविशीही नसेल. दोन मुलं, हाडकुळी, चेहऱ्यावर काही भाव नाही. बरोबर सासू, अनसाबाई. जीपमधून पाथर्डीहून आल्या होत्या. अनसाबाईंनी बसायच्या आधीच सांगितलं, "आमी हिची गर्भाची पिशवी काढायची तारीख घेतलीय दुसरीकडं. गावच्या नर्सबाई म्हणल्या, येकदा तुमाला दाखवा, म्हणून आलो. लई दुखतंय हिला. मोळी उचलली की खालीच बसती. पिशवी काढली की मोकळी हुईल."

मॅडमनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "तिला बोलू द्या." पण संगीता बोलेना. सासूकडे बघून नुसती मान हलवायची. तेव्हा मॅडमनी हंड्याकडे बोट दाखवलं. "उचल. डोक्यावर घे."

संगीताने हंडा सहज उचलला, मांडीपर्यंत, छातीपर्यंत. डोक्यावर न्यायला हात वर गेले आणि ती थांबली. हंडा दणकन खाली ठेवून तिने जांघ दाबून धरली.

मॅडम स्टुलावर बसल्या. बोट ठेवलं, खोकायला लावलं. मग संगीताला विचारलं, "सासूबाईंनी हात लावला तर चालेल तुला?" तिने मानेनेच हो म्हटलं. मॅडमनी अनसाबाईंचा हात धरून त्यांचं बोट बरोबर जागेवर ठेवलं. "खोक गं."

अनसाबाईंनी हात झटकन मागे घेतला. "काय तरी ढकलतंय आतून."

"ते दुखतंय. पिशवी इथं नसते, पिशवी मधे असते. आमच्या स्त्रीरोगाच्या डॉक्टर आज तिची पिशवीही तपासतील. निरोगी असेल तर ती काढायची नाही."

"पन समदेच काढत्यात की. माझी काढली, माझ्या जावंची काढली..."

"मग काढल्यावर तुमचं दुखायचं थांबलं?"

अनसाबाई खुर्चीत हळूच बसल्या, जणू आत्ताच चालून आल्या आहेत. "न्हाई," म्हणाल्या. "कंबर तर तवापास्नं जास्तच झाली." आणि मग, कुणाकडेही न बघता, "आमाला कुनी उभं करून बगितलंच न्हाई."

मॅडमनी स्टूल त्यांच्याजवळ ओढलं आणि त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते, रिसेप्शनवरची मुलगी दोनदा डोकावून गेली. मॅडम उठल्या नाहीत.

संगीताची पिशवी निरोगी निघाली. सोनोग्राफीत सरकणारा तुकडा दिसला, शस्त्रक्रियेत तो सापडला. प्रश्न पुढचा होता. जाळी पक्की व्हायला काही आठवडे जड उचलायचं नाही, आणि टोळी तर निघायच्या बेतात. नवरा दारात उभा राहून पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत होता. तोडीला दोघांचा मिळून एक कोयता धरतात, एकट्याला मुकादम घेत नाही, असं काहीतरी पुटपुटला. मॅडम बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात अनसाबाई म्हणाल्या, "हिच्या जागी मी येते तुज्यासंगं. म्होरल्या साली जाईल ती. यंदा हिला पोरांपाशी ऱ्हाऊ दे."

"आये, तुझी कंबर..."

"माझी कंबर मला ठावं हाय. मोळ्या तू उचल, मी नुसती तोडीन. चल, गोळ्या घे मेडिकलातून."

त्या मायलेकांना जिन्यावरून जाताना बघून मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा असा फुलला होता जसा एखाद्या आईचा मुलगी पहिली आल्यावर फुलतो. "बघितलंत भूलबाई? निदान मी केलं, पण इलाज त्या बाईने केला."

गेल्या दोनेक वर्षांत मॅडमचा उजवा हात थरथरू लागला. आमच्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या आलं. एका सकाळी पित्ताशयाची केस नीट पार पाडली, हातमोजे काढले, हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "ही शेवटची." मी म्हटलं, "मॅडम, मला तर काहीच दिसत नाही." त्या म्हणाल्या, "न दिसणारं ओळखायचं हेच तर आयुष्यभर केलं मी." त्यानंतर त्यांनी चाकू हातात घेतला नाही. रडल्या नाहीत, निरोपसमारंभ करू दिला नाही. फक्त तपासायच्या आणि शिकवायच्या. तालुक्यातालुक्यांतल्या तरुण डॉक्टरांना, विशेषतः मुलींना, गोळा करून स्टुलावर बसायला शिकवायच्या.

मग नाशिकला धाकट्या भावाकडे राहायला जायचं त्यांनी ठरवलं. जाण्याआधी पाथर्डीला बायकांसाठी एक तपासणी शिबिर होतं, त्याला मी त्यांच्याबरोबर गेले. मॅडमना हट्टाने एसटीनेच जायचं होतं. शाळेच्या एका वर्गात तपासणीची सोय केली होती, दाराला पडदा. आत डॉ. स्नेहल होती, मॅडमच्याच हाताखाली शिकलेली. सकाळी मॅडम तिच्या मागे उभ्या होत्या, हात पाठीशी बांधून. स्नेहलने एका मुलीला उभं केलं, बोट ठेवलं, खोकायला लावलं, दोन-तीनदा विचारलं, इथे का, इथे का. मग मागे वळून म्हणाली, "मॅडम, मला हर्निया वाटतोय. तुम्ही एकदा बघता का?"

"तुला वाटतोय ना?"

"हो."

"मग मी कशाला बघू? सोनोग्राफी सांग उभी करून. पुढची बाई बोलव."

आणि त्या बाहेर निघून गेल्या. मला वाटलं, दमल्या असतील. थोड्या वेळाने मी चहा घेऊन शोधायला गेले. एप्रन काढून घडी करून मांडीवर ठेवला होता आणि शाळेच्या व्हरांड्यात रांगेने बसलेल्या बायकांमधे त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब पसरून, त्यांच्यातल्याच एक दिसत होत्या. शेजारच्या बाईने शेंगदाण्यांसाठी ओंजळ पुढे केली होती, मॅडम तिच्या हातावर घालत होत्या.

"तुमचं काय दुखतंय, मावशी?" ती बाई विचारत होती.

"माझं काही दुखत नाही गं."

"मग बसलाय का रांगंत?"

पडद्याआडून स्नेहलचा मोठ्याने खोकण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ दुसऱ्या कुणाचा तरी, त्याहून मोठा. मॅडमनी त्या दिशेने मान केली, क्षणभर ऐकलं आणि मग त्या बाईला, मोठ्या थाटात, म्हणाल्या,

"आत डॉक्टरीणबाई आहे ना, मी तिच्यासोबत आलेय."